होडीच्या दोन्ही टोकांना दोर हवा, आणि तो नीट बसवलेला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की पवना, पानशेत, मुळशी, भंडारदरा इथल्या धरणांच्या काठावर आणि तारकर्ली-देवबागपासून थेट गोव्यापर्यंतच्या खाड्यांत भाड्याच्या कॅनू आणि कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, पुन्हा पाण्यात उतरतात. लाइफ जॅकेट आहे का, हे आता पर्यटक स्वतःहून विचारू लागले आहेत आणि चालकही ते देतात. ही मोठी सुधारणा आहे. मात्र होडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला हाताशी येईल असा दोर आहे का, हे पाहणारा माणूस क्वचित भेटतो. पुष्कळ ठिकाणी तो नसतोच. असला तर बैठकीला गाठ मारलेली, कपडे वाळत घालायची दोरी असते, नाहीतर तळात बसणाऱ्याच्या पायाखाली पडलेले वेटोळे. त्याला असून अडचण, नसून खोळंबा म्हणायचे. होडी उलटली की ते वेटोळे उघडते आणि पायाला विळखा घालते. म्हणून चुकीचा दोर लावण्यापेक्षा न लावलेला बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि नीट लावायचे काम फक्त एका दुपारचे आहे, वर वाळायला एक दिवस.

आधी दोराचे काम काय ते पाहू. रिकामी कॅनू २५ ते ३५ किलोंची असते आणि पाण्यावर उंच तरंगते. डोंगरांमधल्या जलाशयावर दुपारी वारा सुटला की ती लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने वाहत जाते. माणूस बाहेर पडला आणि होडी हातातून सुटली, की दोघांमधले अंतर वाढतच जाते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने प्रवासी होडी उलटून ६ जण बुडाले. त्या दुर्घटनेशी दोराचा संबंध जोडायचा नाही. पण आपल्या जलाशयांवर वारा किती झटक्यात फिरतो, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पडलेल्या माणसाला ओली, गुळगुळीत, उपडी होडी धरता येत नाही. टोकाचा दोर धरता येतो. दोर हातात असला की होडी जवळ राहते, मदतीला आलेल्याला दुरून दिसते, आणि काठ जवळ असेल तर दोराचे टोक धरून पोहत काठ गाठता येतो व मग होडी ओढून घेता येते.

आता दोर कुठला घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात ‘नायलॉनची दोरी द्या’ म्हटले की प्लास्टिकची कुठलीही दोरी पुढे येते. खरे नायलॉन पाण्यात बुडते आणि पॉलिस्टर त्याहून लवकर बुडते. बुडालेला दोर माणसाला सापडत नाही आणि तळाच्या दगडांत, बाभळीच्या खुंटांत अडकतो. आपल्याला तरंगणारा दोर हवा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. वीतभर तुकडा मागून घ्या, पाण्याच्या बादलीत टाका आणि हाताने पूर्ण खाली दाबून, आतली हवा पिळून काढून सोडा. वर आला तर घ्या. नुसता वरून टाकलेला तुकडा आतल्या हवेमुळे थोडा वेळ तरंगतो आणि फसवतो. मासेमारीचे सामान विकणाऱ्या दुकानांत, म्हणजे मुंबईत ससून डॉकच्या किंवा रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या आसपास, हा दोर किलोवर मिळतो आणि तिथल्या माणसाला नेमके काय हवे ते लगेच कळते.

जाडी तीन सूत, म्हणजे साधारण ९ ते १० मिमी. चार मिमीची दोरीसुद्धा होडी ओढायला ताकदीने पुरते, पण ओल्या हाताला पकड देत नाही, आणि जोराचा हिसका बसला की तळवा कापते. नवा १० मिमीचा दोर एक टनाहून अधिक ताण घेतो. गाठ मारल्यावर त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त गेला असे धरून चालावे. रंग पिवळा किंवा नारिंगी घ्या. निळा आणि हिरवा धरणाच्या पाण्यात दिसत नाहीत. पुढचा दोर एका रंगाचा आणि मागचा दुसऱ्या रंगाचा ठेवला तर घाबरलेल्या नवख्यालाही ‘पिवळा धर, नारिंगी सोड’ एवढे सांगून भागते.

लांबी जवळपास होडीएवढी. साडेचार मीटरच्या कॅनूला प्रत्येक टोकाला साडेचार ते पाच मीटर. कयाकला अडीच-तीन मीटर पुरे. त्याहून लांब दोर आवरता येत नाही आणि उलटल्यावर माणसाभोवती फिरतो. फार आखूड असला तर त्याचे टोक धरणारा माणूस होडीच्या इतक्या जवळ राहतो की प्रवाहात होडी फिरली तर तीच त्याच्यावर आदळते.

यापुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात: दोर कॅनूला कुठे लावायचा. उचलायला दिलेल्या मुठीला लावू नका. ती दोन छोट्या स्क्रूंवर असते आणि होडीचे वजन उचलण्यापुरतीच केलेली असते. पाणी भरलेल्या होडीची ओढ तिला झेपत नाही. बैठकीला किंवा मधल्या आडव्या पट्टीला तर मुळीच नको, कारण तिथून ओढली की होडी आडवी होते. अगदी वरच्या काठाला लावलेला दोरही घातक ठरतो. होडीचा बुडालेला भाग पाणी खालून ढकलत असते आणि आपण दोराने वरचा काठ आपल्याकडे ओढत असतो. दोन जोर दोन दिशांना, एक वरच्या काठावर, एक खालच्या भागावर. मग दोराच्या बाजूचा काठ खाली वाकतो. ती बाजू नेमकी प्रवाहाच्या वरच्या अंगाची असते. काठ पाण्याखाली गेला की काही क्षणांत होडी भरते. काठावर उभा राहून दोर घट्ट धरणाऱ्या माणसाला वाटते आपण होडी वाचवतो आहोत, आणि प्रत्यक्षात तोच तिला उलटवत असतो. बैलाची वेसण नाकात असते, शिंगाला नसते. इथेही ओढणीची जागा खाली, टोकाजवळ हवी.

म्हणजे किती खाली? होडीत नेहमीइतकी माणसे आणि सामान ठेवा, संथ पाण्यात उभी करा आणि दोन्ही टोकांना पाण्याची रेघ टेपने चिकटवून घ्या. त्या रेघेच्या वर ५ ते ८ सेंमी आणि टोकापासून आत ५ ते ८ सेंमी, ही जागा. रेघेच्या खाली भोक नको, कारण पुढेमागे सांधा गळू लागला तर पाणी आत येते. फायबरच्या होडीचे दोन भाग टोकावर जोडलेले असतात. त्या जोडापासून किमान ४ सेंमी दूर राहा, नाहीतर जोडच उकलतो.

फायबरच्या कॅनूत सर्वांत टिकाऊ काम म्हणजे आरपार नळी. प्लंबरकडची अर्धा इंची सीपीव्हीसी नळी घ्या. तिचा बाहेरचा व्यास सुमारे १६ मिमी आणि आतला १२ मिमीच्या थोडा वर असतो, म्हणजे तीन सुती दोर त्यातून सहज जातो. दोन्ही बाजूंची खूण टोकापासून आणि काठापासून वेगवेगळी मोजून करा, मग समोरून डोळा लावून बघा. खूण तिरकी पडली तर नळी तिरकी बसते आणि दोर एकाच बाजूला घासत राहतो. खुणेवर मास्किंग टेप लावा. एका बाजूने सरळ आरपार ड्रिल घालू नका. पलीकडचे पापुद्रे फुटतात. दोन्ही बाजूंनी आत या. आधी ३ मिमी, मग ६, मग १०, शेवटी १६. वरचा चकचकीत थर कापताना ड्रिल उलटे फिरवले तर कपचे उडत नाहीत. थर पार झाला की सरळ फिरवा. या कामात नाकाला मास्क आणि डोळ्यांना गॉगल हवाच. फायबरची धूळ खाज आणते, आणि फुप्फुसात गेलेली धूळ त्याहून वाईट.

भोकाच्या कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, नळीचा बाहेरचा भाग ८० नंबरने खरबरीत करा. कापलेल्या कडेला उघडे धागे दिसतात, त्यांना आधी पातळ इपॉक्सी पाजा. हे टाळले की पाणी त्या धाग्यांतून होडीच्या अंगात झिरपते आणि वर्षभरात भोकाभोवती फोड येतात. मग दाट केलेल्या इपॉक्सीत नळी फिरवत-फिरवत बसवा, दोन्ही बाजूंना पसरलेले पुसून घ्या आणि २४ तास हात लावू नका. वाळल्यावर नळीचे टोक अंगासरशी कापून आतली कड गोल घासा. बोट फिरवून बघा. बोटाला टोचणारी कड दोराला कापणार. बाथरूममधले सिलिकॉन या कामाला वापरू नका. ते सुटते, आणि एकदा लागलेल्या सिलिकॉनच्या तेलकट थरावर नंतर दुसरे काहीही धरत नाही. टोकात बंद हवेची टाकी असेल तर सांधा दोन्ही बाजूंनी नीट भरला आहे ना, हे दोनदा पाहा. टाकीत पाणी शिरले तर उलटलेली होडी तरंगवणारी हवाच जाते.

साच्यातल्या प्लास्टिकच्या होडीची गोष्ट निराळी. तिचे अंग पॉलिथिलीनचे असते आणि पॉलिथिलीनला इपॉक्सी किंवा एम-सील धरत नाही. बसवल्या दिवशी पक्के दिसते, चार दिवस उन्हात तापले की खपली निघते. इथे नटबोल्टच हवेत: ६ मिमीचे स्टेनलेसचे बोल्ट, खाडीत वापरायचे असतील तर ३१६ ग्रेडचे, बाहेरून स्टेनलेसची कडी, आतून २५ ते ३० मिमीचे रुंद वॉशर आणि नायलॉनची चकती असलेला, न सुटणारा नट. कडीच्या खाली रबराचे वॉशर. पाना जोर लावून आवळू नका. हे प्लास्टिक दाबाखाली हळूहळू पसरते. बेताचे आवळा, आठवड्याने पुन्हा तपासा आणि सैल झाले असेल तेवढेच घ्या. जिथे आत हात पोचत नाही तिथे काही जण पॉप रिव्हेट मारून कडी लावतात. पाण्याची बाटली अडकवायला ते ठीक. भरलेली होडी ओढायला नाही. अशा कयाकमध्ये बहुतेक वेळा टोकाला साच्यातच ओतलेले आरपार भोक असते, त्यातून दोर ओवणे सर्वांत उत्तम. ते नसेल तर हात जाईल असे झाकणाचे भोक पाडून घ्यावे आणि मगच बोल्ट लावावे.

नळीतून किंवा कडीतून दोर ओवला की बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ मारा. स्काउटमध्ये शिकवतात तीच. पॉलिप्रॉपिलीन निसरडे आणि ताठ असते. गाठीबाहेर उरलेले टोक बोटभर ठेवले तर ते हलता-हलता निसटते. १५ सेंमी ठेवा, आणि गाठ मारल्यावर दोन्ही पाय होडीच्या टोकाला टेकवून अंगाचा पूर्ण भार देऊन ती बसवा. फासाचा घेर दोन बोटे जातील एवढाच ठेवा. पंजा जाईल असा मोठा फास घातक आहे. प्रवाहात उपडी होडी गोल फिरू लागली की त्यात घातलेली बोटे पिळली जातात आणि सुटत नाहीत. ज्यांना दोराचे पीळ उलगडून गाठीविना डोळा, म्हणजे पक्का फास, विणता येतो त्यांनी तोच विणावा. किमान पाच वेळा ओवावा, कारण प्लास्टिकचे पीळ तागासारखे एकमेकांना धरून राहत नाहीत. मच्छीमारांत हे काम सर्रास येते, त्यांच्याकडून करून घेतले तर सर्वांत सुबक होते.

आता दोराचे मोकळे टोक. त्याला गाठ नको, फास नको, बुडू नये म्हणून अडकवलेली बाटली नको, लोखंडी हूक तर अजिबात नको. प्रवाहात सुटलेल्या दोराची गाठ दोन दगडांच्या फटीत अशी बसते की होडी तिथेच टांगली जाते आणि भरते. अंदाज यावा म्हणून सांगतो: पाणी भरून आडवी अडकलेली साडेचार मीटरची कॅनू सेकंदाला एक मीटर वेगाच्या पाण्यात ढोबळ हिशेबाने शंभर किलोंच्या जोराने दाबली जाते. वेग दुप्पट झाला की तो जोर चौपट होतो, म्हणजे चारशे किलो. तो दोर हाताने सुटणार नाही. म्हणून टोक साधे कापलेले हवे. मेणबत्तीवर वितळवून बंद करा, पण वितळलेला थेंब थंड झाला की काटेरी होतो, तो पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा आणि टोकाला शिवणाच्या जाड दोऱ्याने दोन सेंमी घट्ट गुंडाळा. वितळते प्लास्टिक बोटाने दाबू नका; कातडीला चिकटले की निघत नाही.

एवढे करून दोर तळात टाकला तर सगळे वाया. दोर टोकावरच्या झाकणपट्टीवर बसवायचा. तिथे १० ते १२ सेंमी अंतराने दोन भोके किंवा दोन छोट्या कड्या घ्या आणि त्यांतून ५ ते ६ मिमीची जाड इलॅस्टिक दोरी ताणून बसवा. दोराचे वेटोळे करू नका, गुंडाळी करून गाठही मारू नका. वीतभराच्या घड्या मागे-पुढे, मागे-पुढे अशा एकावर एक घाला आणि त्या इलॅस्टिकखाली सरकवा. मोकळे टोक अर्धी वीत बाहेर लोंबू द्या, पाण्यातल्या माणसाच्या हाताला लागेल असे. मग दोन चाचण्या करा. कमरेएवढ्या पाण्यात होडी उपडी करून हलवा: दोर जागचा हलता कामा नये. लोंबणारे टोक एका हाताने झटक्यात ओढा: सगळा दोर न अडकता मोकळा व्हायला हवा. पहिली चाचणी चुकली तर इलॅस्टिक सैल आहे. दुसरी चुकली तर घड्यांऐवजी कुणीतरी वेटोळे केले आहे, किंवा इलॅस्टिकखाली खूपच कोंबले आहे. घड्या घालायचे काम रोजचे आहे. दर फेरीनंतर होडी काठाला लागली की पुढच्या गिऱ्हाइकाला बसवण्याआधी दोन्ही टोके पाहायची, हा रिवाज चालकांनी आपल्या पोरांना लावावा.

वापराबद्दल थोडक्यात. उलटल्यावर प्रवाह असेल तर होडीच्या वरच्या अंगाला राहायचे, खालच्या अंगाला कधीच नाही. दोर मुठीत धरायचा, हाताला किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही. कंबरेला तर विचारही नको. हात सोडता आला पाहिजे. नदीवर होडी चालवणाऱ्याकडे लाइफ जॅकेटवर एका हाताने निघणारी, बोथट टोकाची सुरी असावी. दोर जिथे आहे तिथे सुरी हवी, हा नियम मच्छीमारही पाळतात. आणि मदतीला आलेल्या मोटरबोटीने जवळ येताना इंजिन बंदच करावे. तरंगणारा दोर पंख्यात फार लवकर जातो.

दोराने होडी खाली सोडण्याचा मोह बंधाऱ्यावर होतो. नद्यांवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाहा: बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेल्या गाळ्यातून पाणी खेचून नेते आणि खाली उलटे भोवरे फिरत राहतात. तिथे होडी दोराने उतरवू नये, खांद्यावर घेऊन काठाने न्यावी. कोलाडला कुंडलिकेत वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर खेळ चालतो. तशा ठिकाणी पाणी वाढायच्या वेळी काठाला लावलेली होडी दोन्ही दोरांनी, पाण्यापासून चांगल्या उंचीवरच्या झाडाला बांधलेली असली पाहिजे. बुंध्याला दोन पूर्ण वेढे आणि दोन अर्धगाठी. वेढे ओढ घेतात, म्हणून ताण असतानाही गाठ सोडता येते. नुसती निरगाठ मारली तर ओला दोर ताणाखाली असा आवळतो की शेवटी कापावा लागतो.

खाडीत वेगळीच अडचण. मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरवर जातो, मालवण-गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास असतो. भरतीला धक्क्याच्या कडीला आखूड बांधलेली कॅनू सहा तासांनी नाकावर लटकते आणि तिच्यातले सामान चिखलात पडते. दोन मीटरच्या फरकाला धक्क्यापासून निदान सहा ते आठ मीटर दोर हवा, म्हणजे होडीचा पाच मीटरचा दोर पुरत नाही. रात्रीपुरता जादा दोर दुहेरी शीट बेंड गाठीने जोडावा आणि सकाळी काढून ठेवावा. तो होडीवर कायम ठेवू नये. एकाच दोराने बांधलेली होडी भरती फिरली की गोल फिरून शेजारच्या होडीवर घासते, म्हणून मागचा दोरही दुसऱ्या खुंटाला, ढील देऊन. शिवाय धक्क्याच्या दगडांवर कालवे असतात. त्यांची धार दोराला एका रात्रीत अर्धा कापते. जिथे दोर दगडाला टेकतो तिथे बागेच्या पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून चढवावा.

गाडीच्या टपावर होडी नेणाऱ्यांनी हे दोर बांधायला वापरू नयेत. त्याला वेगळे, कमी ताणणारे पॉलिस्टरचे पट्टे घ्या, पुढे आणि मागे इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन्ही बाजूंना खाली बांधलेले. होडीचे स्वतःचे दोर त्या वेळी पूर्ण आत कोंबून ठेवा. घाटात लोंबणारे टोक चाकाखाली गेले तर होडी टपावरून खेचली जाते.

दोर किती टिकतो? आपल्या उन्हात पॉलिप्रॉपिलीन लवकर मरते. रंग फिका पडणे चालेल, पण हाताला काटे टोचू लागले, किंवा चिमटीत चोळल्यावर पांढरट भुकटी निघाली, की दोर गेला. पीळ उघडून आतला रंग पाहा. आतपर्यंत फिका असेल तर थांबू नका. दर वर्षी पावसाळ्यानंतर बदलावा हे सरळ. खाडीत वापरलेला दोर गोड्या पाण्यात धुवावा. वाळूचे कण पिळांत राहतात आणि आतून धागे कापतात. नळीच्या तोंडाजवळचा पहिला हातभर भाग सर्वांत आधी झिजतो. हंगामाच्या मध्यावर दोर उलटा करून दुसरे टोक नळीत बांधले तर तो झिजलेला भाग मोकळ्या टोकाला जातो.

या सगळ्याचा, म्हणजे दोर, नळी, इपॉक्सी, इलॅस्टिक यांचा एका होडीमागचा खर्च एका चांगल्या लाइफ जॅकेटएवढाही नाही. म्हणून आमची विनंती अशी. जलक्रीडेला परवानगी देणाऱ्या यंत्रणांनी होडीच्या तपासणीत लाइफ जॅकेटच्या मोजणीबरोबर दोन्ही टोकांचे दोर पाहावेत. पाहायचे म्हणजे नुसते आहेत का एवढेच नाही: एक तुकडा बादलीत टाकावा, गाठीवर भार द्यावा, मोकळे टोक गाठीविना आहे का बघावे आणि एकदा ओढून पाहावे. चार गोष्टी, होडीमागे दोन मिनिटे. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी आणि तारकर्लीच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या हातून निदान एका होडीला नळी बसवून घेतली, तर ते ज्या गावी परत जातील तिथे हे काम पोचेल. आणि होडी भाड्याने घेणाऱ्या वाचकांनी पाण्यात पाय घालण्याआधी दोन्ही टोके डोळ्यांखालून घालावीत. तळात वेटोळे पडलेले दिसले तर ते काढायला सांगावे. चालकाने काढले नाही तर दुसरी होडी मागावी.

ज्यांच्याकडे पुष्कळ होड्या आहेत आणि दिवाळीच्या गर्दीआधी सगळ्यांना नळ्या बसवणे जमणार नाही, त्यांनी क्रम असा ठेवावा: आजच्या आज तळातली, बैठकीची आणि मुठीची सगळी दोरी काढून टाकावी. मग प्रत्येक होडीच्या पुढच्या टोकाला एक दोर नीट बसवावा, आणि मागचा दोर त्यानंतर. काढलेली जुनी दोरी काठावर किंवा पाण्यात टाकू नये; ती तरंगत राहते आणि कुणाच्या तरी पंख्यात किंवा बगळ्याच्या पायात जाते. वीतभर तुकडे करून भंगारवाल्याला द्यावी.

आपले,
पुणे व सिंधुदुर्ग येथील होडी बांधणी, दुरुस्ती आणि प्रशिक्षण करणारे काही वाचक